‘मॅडम, लॉमध्ये मनच लागत नाही’: तालुका कोर्टातून एक लांबलचक उत्तर

प्रश्न असा आला: "मॅडम, मी तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावापासून कॉलेज ४० किलोमीटर. बाबांकडे चार एकर कोरडवाहू. मागच्या हिवाळी परीक्षेत दोन पेपर राहिले. पुस्तक उघडलं की झोप येते, इंग्रजी डोक्यावरून जातं, आणि आता जज व्हायला तीन वर्षं प्रॅक्टिस लागते म्हणतात. घरचे म्हणतात पोलीस भरतीचं बघ नाहीतर पाहुणे बोलावतो. मोटिव्हेशन कसं टिकवायचं? की सोडूनच देऊ?"

आधी माझं सांगते, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मला २१ वर्षं झाली, दिवाणी जास्त, फौजदारी कमी, आणि पहिली सहा वर्षं बाररूममध्ये मी एकटीच बाई होते. दुसऱ्या वर्षाला मीपण नापास झालेली आहे, सीपीसीत, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेत, आणि आज माझं घर त्याच सीपीसीवर चालतं. हे काही तुला धीर द्यायला सांगत नाहीये. असल्या गोष्टींनी धीर येत नसतो. भूषण गवई साहेब आपल्या अमरावतीचे, १९८५ ला वकिली सुरू केली आणि मे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले, हे आमच्याकडे प्रत्येक सत्कारात ऐकायला मिळतं, अभिमान वाटतोच, पण सकाळची साडेसहाची एसटी चुकली की त्या अभिमानावर बसून कॉलेजात पोचता येत नाही.

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला आणि मला त्यात मोटिव्हेशनचा भाग फार थोडा दिसला. झोप, पैसा, इंग्रजी, घरचे, आणि आपण जे शिकतोय ते कुठं कामाला येतं ते न दिसणं, अशा चार-पाच वेगवेगळ्या भानगडी आहेत आणि तू सगळ्यांची एक मोट बांधून तिला "मन लागत नाही" म्हणतेस. मोट बांधली की उचलत नाही. सोडून एकेक बघ.

झोपेचं घे. ४० किलोमीटर लाल डब्यानं म्हणजे स्टँडवरची वाट धरून जाऊन-येऊन चार तास गेले. घरी आल्यावर भाकरी तू टाकतेस का आई टाकते ते तू लिहिलं नाहीस पण मला माहीत आहे. मग रात्री साडेनऊला इव्हिडन्सचं, म्हणजे पुराव्याच्या कायद्याचं, पुस्तक उघडल्यावर झोप येणार नाही तर काय येणार बाई? त्यात आपल्याकडच्या परीक्षाच अशा पडतात, हिवाळी परीक्षा सोयाबीन-कापसाच्या धबडग्याला लागून आणि उन्हाळी परीक्षा पंखा गरम हवा फेकतो तेव्हा. पुण्याच्या पोरांचं टाइमटेबल आपल्याला लागू होत नाही. माझ्या हिशोबानं आपल्याकडे अभ्यासाचे खरे दिवस दोनदाच येतात, पोळा झाला की दसऱ्यापर्यंत, म्हणजे निंदण-डवरणी उरकलेली आणि सोंगणी, म्हणजे पिकाची कापणी, लागायची असते तेव्हा, आणि दुसरे तूर निघाली की होळीपर्यंत. या दिवसांत पहाटे साडेचार ते साडेसहा असे दोन तास काढलेस आणि सोंगणीच्या महिन्यात एक पानही वाचलं नाहीस तरी चालतं, फक्त त्या महिन्यात स्वतःला शिव्या देऊ नको. मी देत होते. शिव्या देण्यात जेवढा वेळ घालवला तेवढ्यात लिमिटेशन ॲक्ट, म्हणजे मुदतीचा कायदा, पाठ झाला असता.

पैशाचं पटकन सांगते कारण यात मोटिव्हेशन वगैरे काही नाही, फॉर्म भरायचे आहेत. कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी सामायिक प्रवेश फेरीतून, प्रवेश असेल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी जुलै २०२४ च्या निर्णयानं माफ आहे. एससी-एसटी असशील तर तुझी शिष्यवृत्ती वेगळी. बाबा अल्पभूधारक आहेत, तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता बघ, कारण शहरात राहिलीस तर रोजचे चार तास वाचतात आणि हा एकच बदल तुझं अर्धं काम करून टाकेल. सगळं सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर असतं. कॉलेजच्या ऑफिसात एकदा विचारून "नंतर या" म्हटलं की परत यायचं नसतं, बसून राहायचं असतं, हा वकिलीचा पहिला धडा समज. आणि पुढची वकिलीची सनद फार महाग असते असं कोणी भीती घातली असेल तर ते जुनं झालं. सुप्रीम कोर्टानं ३० जुलै २०२४ ला सांगून टाकलं की ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४ मध्ये लिहिलंय त्याच्यावर नोंदणी फी घेता येणार नाही, म्हणजे ७५० रुपये, आणि एससी-एसटीला १२५.

आता मुद्द्यावर येते. मन का लागत नाही याचं मला सापडलेलं कारण एकच, पुस्तकातला कायदा आपल्याला आपल्या गावात चालता-फिरता दिसत नाही. पुस्तकात "ए" नावाचा माणूस "बी" ला घोडा विकतो. आपण आयुष्यात घोडा विकलेला पाहिलेला नाही.

माझं काय झालं ते सांगते. दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. आमच्या वावरात जायला पांदण होती, बैलगाडी जाईल एवढी. शेजारच्या वावरवाल्यानं एका पावसाळ्याच्या तोंडी ती नांगरून धुऱ्यात, म्हणजे बांधात, घेतली आणि वर काट्या टाकल्या. बाबा भांडखोर नव्हते. ते आधी पोलीस पाटलाकडे गेले, मग सरपंचाकडे, मग तलाठ्याकडे, तलाठी म्हणाले पंचनामा करू, सोयाबीन निघू द्या. निघालं. आम्ही ते डोक्यावर आणलं, पोत्यापोत्यानं, दुसऱ्याच्या धुऱ्यावरून, त्याच्या परवानगीनं. मग दिवाळी झाली, मग कापूस. आठ महिन्यांनी बाबा पन्नीत कागद बांधून तहसीलला गेले आणि मामलतदार कोर्ट ॲक्टखाली अर्ज केला. १९०६ चा कायदा आहे, वावरात जायचा रस्ता कोणी अडवला तर कलम ५ खाली तहसीलदार तो मोकळा करायचा हुकूम देऊ शकतात, सोपा, स्वस्त, शेतकऱ्याच्या कामाचा. पण त्याच कलमात लिहिलेलं आहे की रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत यायचं. अर्ज फेटाळला गेला. बाबा तिथं एवढंच म्हणाले, "उशीर कुठी केला साहेब, रोजच त येत होतो ना मी."

त्या आठवड्यात माझ्या टेबलावर लिमिटेशन ॲक्ट होता, १९६३ चा, मागे १३७ आर्टिकल्सचा तक्ता, आणि मी तो वैतागून पाढ्यासारखा घोकत होते, याला तीन वर्षं त्याला बारा वर्षं. बाबा घरी येऊन ओसरीवर बसले आणि मी तो तक्ता परत उघडला. त्यानंतर तो मला घोकावा लागला नाही. प्रत्येक आकड्यापुढे कोणीतरी ओसरीवर बसलेलं दिसायचं. (रस्त्याचं म्हणशील तर नंतर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली वेगळा अर्ज करून धुऱ्यावरून वाट मिळाली, दोन वर्षं गेली, गाडी आजही थोडी वाकडी घालावी लागते.)

तुझ्या गावात असं काही नाही असं म्हणू नको. आत्याला, मावशीला विचार, हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा काय सांगितलं होतं. आमच्याकडे भाऊबीजेची साडी आणि हक्कसोडाचा कागद एकाच पिशवीत येतो, ही मस्करी नाहीये, माझ्याकडे असे तीन दावे चालू आहेत. मग हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती वाच, ९ सप्टेंबर २००५ ही तारीख, आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा निकाल, की मुलीचा हक्क जन्मानं आहे, त्या तारखेला बाप जिवंत असायलाच पाहिजे असं नाही. वाचून झालं की आत्याचं तोंड डोळ्यांपुढे आण. झोप येते का सांग मला.

मी माझ्याकडे येणाऱ्या पोरापोरींना एक वही करायला लावते, डाव्या पानावर कलम स्वतःच्या मराठीत, उजव्या पानावर गावातलं कोण आणि काय झालं ते, नाव न लिहिता. सीपीसीची ऑर्डर ५ रूल १७ म्हणजे प्रतिवादी समन्स घेत नाही किंवा सापडत नाही तेव्हा बेलीफ दाराला चिकटवून जातो. तुझ्या गल्लीत कोणाच्या तरी दाराला कधीतरी कागद चिकटलेला असणार आणि पोट्टे तो वाचायला जमले असणार. झालं, रूल १७ आयुष्यभर विसरायचा नाही. सगळीच कलमं अशी सापडत नाहीत, ज्युरिस्प्रुडन्सला, म्हणजे कायद्याच्या तत्त्वज्ञानाला, तर उजवं पान कोरंच राहतं, ते मात्र घोकून पास व्हायचं. मीपण तेच केलं आणि मला त्याची लाज वाटत नाही.

याला जोडूनच इंटर्नशिप. बार कौन्सिलच्या नियमात तीन वर्षांच्या कोर्सला निदान १२ आठवडे सांगितलेत. आमच्याकडे ती बहुतेकांची सही-शिक्क्यावर होते, ओळखीच्या वकिलाकडून सर्टिफिकेट आणलं की संपलं. तसं करू नको. सगळ्या कोर्समध्ये फुकट आणि खरं मिळणारं एवढंच आहे. मागच्या उन्हाळ्यात एक पोरगी माझ्याकडे आली होती, दिग्रसकडची, पहिले आठ दिवस ती शेवटच्या बाकावर बसून मोबाईल बघायची, मी काही बोलले नाही. नवव्या दिवशी वाटणीच्या दाव्यात तलाठी साक्षीला होते. बहीण वादी, दोघं भाऊ प्रतिवादी, भावांचं म्हणणं बहिणीनं हक्क सोडलाय, फेरफार मंजूर आहे, सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. मी उलटतपासात विचारलं, फेरफारासोबत नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र आहे का? तलाठ्यानं पानं उलटली. परत उलटली. मग म्हणाले, "नोंदणीचं नाही, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिलेलं आहे." जजसाहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं टाइप करून घेतलं. मागे बाक वाजला म्हणून बघितलं तर पोरगी सरळ उठून बसली होती. बाहेर चहाच्या टपरीवर मला म्हणते, मॅडम, हे रजिस्ट्रेशन ॲक्टचं १७ ना, नोंदणी सक्तीची असते ते? आणि महसूल संहितेच्या १५७ नं नोंद खरी धरतात ते पण खोडता येतं ना, आणि फेरफार म्हणजे मालकी नव्हेच ना? तिन्ही बरोबर. तिन्ही तिनं आधी परीक्षेत लिहिलेलं होतं, पण ते तिचं आत्ता झालं. दाव्याचा निकाल अजून लागायचाय, कदाचित मी हरेनही, पण ती पोरगी आता पेशीच्या तारखा मोबाईलवर ई-कोर्ट्समध्ये स्वतः बघते आणि मलाच आठवण करते.

कोर्टात ओळख नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, कोर्टाच्या इमारतीतच असते. कायद्याच्या विद्यार्थ्यांना विधी स्वयंसेवक म्हणून घेतात, थोडंफार मानधन मिळतं, लोकअदालतीच्या दिवशी टेबलावर बसायला मिळतं. माणूस आपली तक्रार कुठून सुरू करतो आणि कामाची गोष्ट किती उशिरा सांगतो ते तिथं कळतं, पुस्तकात नाही.

इंग्रजी. हे मी हलक्यात घेणार नाही कारण मला स्वतःला पाच वर्षं पुरलं. पण खालच्या कोर्टात साक्ष, अर्ज, दावे, बरेचसे निकाल मराठीत चालतात, तेव्हा इंग्रजी येत नाही म्हणजे वकिली येणार नाही हे डोक्यातून काढ. उत्तरपत्रिका मराठीत लिहायची सोय तुझ्या विद्यापीठात आहे का ते परीक्षा विभागात विचार. सनदेनंतरची ऑल इंडिया बार परीक्षा मराठीतही देता येते, आणि तिथं बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, जवळ ठेवता येतो, फक्त त्यावर काही लिहिलेलं नको. भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश मिळाला तर सोन्याहून पिवळं. आणि गाईड नको. गाईडचं इंग्रजी वाईट असतं आणि मराठी त्याहून वाईट. बेअर ॲक्टचं एक कलम घ्यायचं, त्यातलं क्रियापद शोधायचं, कोणी काय करायचं ते मराठीत एका ओळीत लिहायचं, "परंतु" पासून पुढचं वेगळ्या ओळीत. प्रोव्हिजो म्हणजे "पण"च असतं, आणि सगळी वकिली त्या "पण" मध्ये असते. रोज दोन कलमं. सीपीसीला १५८ कलमं आणि ५१ ऑर्डर आहेत, बघून छाती दडपते, पण रोजच्या कामात फिरून फिरून त्याच चाळीस-पन्नास गोष्टी येतात.

नव्या कायद्यांचा गोंधळ तुझा असेल तसा माझाही आहे. १ जुलै २०२४ पासून आयपीसीची (भारतीय दंड संहितेची) बीएनएस (भारतीय न्याय संहिता) झाली, खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, फसवणुकीच्या ४२० चं ३१८, आणि त्या तारखेच्या आधीचे गुन्हे अजून आयपीसीतच चालतात म्हणून दोन्ही डोक्यात ठेवायचे. माझ्या टेबलाच्या काचेखाली तक्ता आहे, छेचाळीस वर्षांच्या बाईनं चष्मा लावून बघायचा. गावात मात्र लबाड माणसाला अजून चारसोबीसच म्हणतात, कोणी तीनशे अठरा म्हटलेलं ऐकलं नाही. तुझा फायदा एवढाच की तुला जुनं विसरावं लागणार नाही.

जजच्या परीक्षेचं. खरं आहे, सुप्रीम कोर्टानं २० मे २०२५ ला तीन वर्षांची प्रॅक्टिस परत सक्तीची केली. ती तात्पुरत्या नोंदणीच्या दिवसापासून मोजतात, बार परीक्षा पास झाल्यापासून नाही, हे लक्षात ठेव. पुष्कळ पोरी या बातमीनं खचल्या, एकीनं तर माझ्यासमोर पुस्तकं बांधून ठेवली. माझं मत उलटं आहे आणि ते कोणाला पटत नाही. आधी हॉल तिकिटाच्या शर्यतीत पुण्यात क्लास लावणारे पुढे असायचे, आता तालुका कोर्टात ज्यानं तीन वर्षं साक्षी ऐकल्या तोही मोजला जाणार. पण ती तीन वर्षं खायचं काय हा प्रश्न खोटा नाही, तो बातमी देणाऱ्यांनी कोणी विचारला नाही. ज्युनिअरला आमच्याकडे पेट्रोल आणि चहापुरतं मिळतं, काही सीनियर तेवढंही देत नाहीत. माझी पहिली फी तुरीची डाळ होती, पाच किलो, एका प्रतिज्ञापत्राची, आणि ती डाळ आईनं सहा महिने पुरवून पुरवून लावली. म्हणून घरी आत्ताच स्पष्ट सांग की डिग्री झाल्या झाल्या पगार येणार नाही, दोन-तीन वर्षं ओढायची आहेत. खोटं सांगून वेळ मारून नेलीस तर तिसऱ्या वर्षाला पाहुणे येणारच.

पाहुण्यांवरून. बाबांना एक दिवस कोर्टात घेऊन ये. मी हे चार पोरींच्या बापांच्या बाबतीत केलंय, तिघांचं काम झालं. भाषण द्यायचं नाही, मागच्या बाकावर बसवायचं आणि एखादी वकील बाई साहेबांसमोर उभी राहून बोलते ते दाखवायचं. चौथे म्हणाले, छान आहे, पण सोयरीक ठरली आहे. त्या पोरीनं लग्नानंतर वर्षभरात शेवटचं सेमिस्टर दिलं, सासरी सासू तिच्यापेक्षा जास्त हौशी निघाली, आता काय बोलायचं.

आणि सोडायचं का, तर सोडायलाही हरकत नाही, पोलीस भरती काही कमी नाही, खाकी घालून माझ्यासमोर साक्षीला उभ्या राहणाऱ्या पोरी मला फार आवडतात. पण घरात बसून ठरवू नको. सलग बारा दिवस कोर्टात बस, सकाळी अकराच्या बोर्डापासून, म्हणजे दिवसाच्या केसेसची यादी पुकारतात तेव्हापासून, साहेब उठेपर्यंत, त्यात चार दिवस काहीच होणार नाही, नुसत्या तारखा पडतील, ते पण बघ कारण वकिलीत ते पुष्कळ असतं. बारा दिवसांत एकदाही पुढे काय झालं असं वाटलं नाही, घरी जाऊन कलम उघडावंसं वाटलं नाही, तर बिनधास्त सोड, वर्ष वाया गेलं म्हणू नको. हजेरी सांभाळून ये मात्र, ७० टक्क्यांचा नियम आहे आणि त्यावर परीक्षेला बसू दिलं नाही तर माझ्याकडे रडत येऊ नको.

आमच्या कोर्टात दिवाणी साक्षी शक्यतो जेवणाच्या सुट्टीआधी होतात. त्या वाटणीच्या दाव्यात पुढच्या महिन्यात थोरल्या भावाचा उलटतपास आहे. डबा आण, कोर्टासमोरच्या हॉटेलात आलूबोंड्याशिवाय काही मिळत नाही. आणि येण्याआधी मला एवढं कळव की त्या दोन पेपरांचा बॅकचा फॉर्म भरलास की नाही, कारण विलंब शुल्काची तारीख जवळ आली असेल आणि तू नक्की बघितली नसशील.